पंडित अर्जुनलाल सेठी : पाठशाळा, तुरुंग आणि विस्मरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नाशीच्या प्रसंगी ज्यांनी जागा दिली, निधी दिला, ज्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, त्यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते उचितच आहे. परंतु समाजाच्या स्मरणात आणखीही एक वर्ग असावा लागतो. ज्यांनी समाजाला इमारती दिल्या नाहीत, देणग्या दिल्या नाहीत, उलट ज्यांच्यामुळे समाज काही काळ संकोचून गेला, घाबरून गेला, अशा माणसांचा तो वर्ग. जयपूरचे पंडित अर्जुनलाल सेठी हे त्या वर्गातील एक ठळक नाव आहे. इंग्रजी अमदानीत राजस्थानातील सशस्त्र क्रांतीच्या पहिल्या संघटकांत त्यांची गणना होते. पुढे अजमेरच्या काँग्रेसमधील जहाल पुढारी म्हणून ते वावरले. त्यांचा जन्म जयपूरचा, मृत्यू अजमेरचा. पण त्यांच्या जीवनातील सर्वांत दुःखद प्रकरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातील जैन मुलांशी जोडलेले आहे. म्हणून मराठी जैनांना हे चरित्र परके मानता येत नाही.

नोकरी नाकारणारा पदवीधर

अर्जुनलालजींचा जन्म ९ सप्टेंबर १८८० रोजी जयपुरातील एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. १९०२ साली ते अलाहाबाद विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्या काळात देशी संस्थानातील जैन घरातून बी. ए. झालेला तरुण ही दुर्मीळ गोष्ट होती. संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते, शिवाय जैन शास्त्रांचा अभ्यास होता. संस्थानी दरबारात अशा माणसाला उच्च पद मिळणे अवघड नव्हते. सुरुवातीला चौमू ठिकाण्याच्या जहागीरदारांकडे त्यांनी काही काळ कामही पाहिले. पण पुढे दरबारच्या नोकरीचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी तो नाकारला. अर्जुनलालनेच नोकरी धरली तर इंग्रजांना या देशातून घालवायचे कोणी, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका राजस्थानात आजही सांगितली जाते. शब्द नेमके तेच असोत वा नसोत, त्यांचे पुढचे सारे आयुष्य त्या उत्तराला धरूनच गेले, यात शंका नाही.

काळही तसाच होता. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी व बहिष्काराची लाट देशभर उसळली. १९०७ मध्ये सुरत येथे काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल अशी उघड फूट पडली. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली. या घटनांनी तरुण मनांवर जो परिणाम केला, त्यातून संस्थानी मुलूखही सुटला नाही. सेठीजींचा कल पहिल्यापासून जहाल पक्षाकडे होता.

वर्धमान विद्यालय

सेठीजींनी कामाची सुरुवात मात्र शाळेपासून केली. विसाव्या शतकाच्या आरंभीचा तो काळ आपल्या समाजात शिक्षणाच्या जागृतीचा होता. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या प्रेरणेने मुंबईत व इतरत्र जैन बोर्डिंगे उभी राहिली. १९०५ साली काशीचे स्याद्वाद महाविद्यालय निघाले. धर्मशास्त्राचे ज्ञान आणि नव्या काळाचे शिक्षण एकाच छपराखाली द्यावे, ही त्या सर्व प्रयत्नांमागची आकांक्षा होती. सेठीजींनी जयपुरात जैन शिक्षा प्रचारक समिती स्थापन केली आणि तिच्या वतीने वर्धमान विद्यालय चालविले. १९११ साली महात्मा भगवानदीनजींनी हस्तिनापूर येथे ऋषभ ब्रह्मचर्याश्रम काढला, त्या कार्याशीही सेठीजींचा निकटचा संबंध होता. समाजसुधारणेसाठी त्यांनी नाटकेही लिहिली. ‘महेंद्रकुमार’ हे त्यांतील एक.

वर्धमान विद्यालयाचा लौकिक दूरवर पोहोचला आणि सोलापूर भागातील काही जैन तरुण तेथे शिकण्यास गेले. त्यांत मोतीचंद शहा होते, माणिकचंद होते आणि देवचंद शहाही होते. घरचा व्यापार-उदीम सोडून शेकडो कोस दूर जयपूरला मुलगा पाठवायचा, तोही धर्मशिक्षणासाठी, यावरून त्या घरांची श्रद्धा आणि सेठीजींच्या नावाचा दबदबा या दोहोंची कल्पना येते.

परंतु या विद्यालयाला दुसराही एक पैलू होता. शाहपुऱ्याच्या बारहठ घराण्यातील केसरीसिंह हे राजपुतान्यातील क्रांतिकार्याचे एक प्रमुख. त्यांचे चिरंजीव प्रतापसिंह सेठीजींच्या हाताखाली शिकले. केसरीसिंहांचे धाकटे बंधू जोरावरसिंह यांचेही तेथे येणे-जाणे होते. खरव्याचे राव गोपालसिंह, दिल्लीचे मास्टर अमीरचंद, आणि या सर्वांना जोडणारे रासबिहारी बोस अशी ती साखळी होती. २३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीच्या चांदणी चौकात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्यावर बाँब पडला, तो याच मंडळींच्या कटाचा भाग होता. पाठशाळेत सकाळी शास्त्राचा पाठ आणि नंतर देशाच्या दास्याची चर्चा, असे त्या वातावरणाचे स्वरूप होते. मिर्झापूर जिल्ह्यातील विष्णुदत्त नावाचे एक गृहस्थ तेथे येत आणि स्वातंत्र्यासाठी शस्त्र हवे, शस्त्रासाठी पैसा हवा आणि तो धनिकांकडून बळाने घेण्यात दोष नाही, असे मुलांना पटवून देत.

निमेजचे हत्याकांड

त्या विचाराचे पर्यवसान २० मार्च १९१३ रोजी झाले. बिहारमधील शहाबाद जिल्ह्यात, आऱ्याच्या परिसरात निमेज नावाचे गाव आहे. तेथील मठाचा महंत धनाढ्य म्हणून प्रसिद्ध होता. विष्णुदत्ताच्या प्रेरणेने मोतीचंद, माणिकचंद, जयचंद आणि जोरावरसिंह तेथे गेले. महंत आणि त्याचा एक सेवक यांची हत्या झाली. पण तिजोरीची किल्ली सापडली नाही आणि ज्या द्रव्यासाठी हे घडले ते हाती लागलेच नाही. दोन जीव गेले, त्यातून क्रांतीला एक पैसाही मिळाला नाही.

या गुन्ह्याचा छडा लगेच लागला नाही. दिल्लीच्या बाँब प्रकरणाचा तपास १९१४ मध्ये पसरत गेला तेव्हा धागे जयपूर आणि इंदूरपर्यंत पोहोचले. सेठीजी त्या सुमारास इंदूर येथे जैन शाळेच्या कामावर होते. तेथेच त्यांना अटक झाली. निमेज खटल्यात मोतीचंद शहा यांना फाशी झाली. विष्णुदत्तांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोरावरसिंह कधीच सापडले नाहीत. उरलेले आयुष्य त्यांनी वेश बदलून, रानावनात लपून काढले. दिल्ली कटातील अमीरचंद आणि त्यांचे सहकारी मे १९१५ मध्ये फासावर गेले. केसरीसिंहांना एका वेगळ्या खटल्यात वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि प्रतापसिंहांचा १९१८ साली बरेलीच्या तुरुंगात अंत झाला. ज्या रौलट समितीच्या शिफारशींवरून पुढे काळे कायदे आले, त्या समितीच्या १९१८ च्या अहवालात बिहारसंबंधीच्या प्रकरणात निमेजची हकीकत आहे. सोलापूरच्या त्या दोन जैन तरुणांची आणि जयपूरच्या शाळेचीही तेथे नोंद आहे.

मोतीचंदांनी तेव्हा विशी ओलांडली होती. ज्या घराने त्याला शास्त्र शिकण्यासाठी पाठविले होते, त्या घरी तो परत आला नाही. श्रोतेहो, हे प्रकरण घाईने ओलांडून पुढे जाणे सोपे आहे. सेठीजींची बहुतेक गौरवचरित्रे तसेच करतात. मोतीचंदांना हुतात्मा म्हणून वंदन करायचे आणि महंताच्या हत्येचा उल्लेख एका वाक्यात गुंडाळायचा, अशी ती रीत आहे. याच्या उलट, त्या काळात समाजातील अनेकांनी अहिंसेच्या धर्मात असला डाग नको म्हणून या सर्वांचे नावच टाकून दिले. या दोन्ही वाटांनी जाता येत नाही, कारण प्रश्न खरा आहे आणि तो आपल्या धर्माच्या गाभ्याशी भिडणारा आहे.

हिंसेचा प्रश्न

आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाच्या जीवनाचा विचार करताना हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. संसारातील नित्यकर्मांत घडते ती आरंभी, चरितार्थाच्या व्यवसायात घडते ती उद्योगी, स्वतःवर, आश्रितांवर वा देशावर आक्रमण झाले असता प्रतिकारात घडते ती विरोधी, आणि हेतुपुरस्सर, ठरवून केलेली ती संकल्पी. श्रावकाला पहिल्या तिन्ही पूर्णपणे टाळता येत नाहीत. त्याने त्या शक्य तितक्या कमी करायच्या असतात. संकल्पी हिंसेचा मात्र त्याने त्यागच केला पाहिजे. परचक्राविरुद्ध लढणाऱ्या जैन सेनापतींची परंपरा, दक्षिणेतील चामुंडरायांपासून पुढे, विरोधी हिंसेच्या या मर्यादेतच समजून घेतली जाते.

परकीय सत्तेविरुद्ध उभा राहिलेला माणूस आपल्या कृतीचे समर्थन या आधारावर करू शकेल. इंग्रजांनी देश बळाने ताब्यात ठेवला होता, आणि प्रतिकाराचे सनदशीर मार्ग एकेक करून बंद होत चालले होते, हेही खरे. पण निमेजचा महंत हा परकीय सत्ताधीश नव्हता. तो शस्त्र घेऊन कोणावर चालून आला नव्हता. त्याचा सेवक तर नुसता त्याच्या पदरी होता. त्यांच्या हत्येला विरोधी हिंसा म्हणता येत नाही. ती संकल्पी हिंसा होती, आणि हेतू कितीही थोर असला तरी तिचे नाव बदलत नाही.

सेठीजींना त्या कटाची पूर्वकल्पना किती होती, हे न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही. त्यांच्यावर त्या हत्येचा खटलाच चालला नाही, कारण सरकारपाशी पुरावा नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष ठरतात. परंतु शिक्षकाची जबाबदारी कायद्यापाशी संपत नाही. विद्यालयात कोणाला बोलू द्यायचे, कोणता विचार कोवळ्या मनांवर बिंबवायचा, हे तेच ठरवीत होते. तरुण मुलगा आपल्या गुरूच्या शाळेतून उठून फासावर जातो, तेव्हा गुरूच्या आयुष्यावर त्याची छाया पडल्यावाचून राहत नाही. सेठीजींनी पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे ज्या प्रकारे काढली, त्यात या छायेचा भाग किती होता हे त्यांनाच ठाऊक. आपल्याला दिसतात ती त्यांची वर्षे.

खटल्याविना कैद

पुराव्याअभावी खटला भरता येत नाही म्हणून सरकारने त्यांना मोकळे केले नाही. प्रथम जयपूर संस्थानात आणि नंतर मद्रास इलाख्यातील वेल्लोरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. देशी संस्थानांचा हा उपयोग इंग्रज सरकारला चांगला अवगत होता. ब्रिटिश मुलुखात बेकायदा अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येई. संस्थानात दरबारची आज्ञा हाच कायदा, आणि ती आज्ञा कोणाच्या इशाऱ्याने निघाली हे विचारण्याची सोय नव्हती. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, शिक्षेची मुदत नाही. पाच-सहा वर्षे हा पदवीधर पंडित असा कोंडून पडला. घरी पत्नी होती, मुले होती.

वेल्लोरमध्ये एक वेगळाच संघर्ष उभा राहिला. जिनदर्शन केल्याशिवाय अन्नग्रहण करायचे नाही, असा सेठीजींचा नियम होता. तुरुंगात जिनप्रतिमा नव्हती आणि ती ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हा त्यांनी अन्न वर्ज्य केले. वेल्लोरच्या आसपासचा प्रदेश हा तमिळ जैनांचा प्राचीन प्रदेश आहे. तिरुमलैसारखे तीर्थ तेथून फार दूर नाही. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड त्याचा काय उपयोग? दिवसांमागून दिवस उपवास चालला आणि त्यांची प्रकृती चिंताजनक झाली.

ही बातमी बाहेर आली आणि देशभरातील जैन समाज, जो क्रांतीच्या नावाने दूर सरकला होता, तो हलला. ब्रह्मचारी शीतलप्रसादजी, अजितप्रसादजी यांच्यासारख्या मंडळींनी सभा, अर्ज आणि वृत्तपत्रे यांद्वारे हा विषय लावून धरला. राजकीय कैद्यासाठी बोलण्याचे भय वाटणाऱ्यांनाही धर्माचरणाच्या हक्कासाठी बोलता येत होते. अ‍ॅनी बेझंट यांनीही सेठीजींची बाजू घेतली. १९१७ साली त्या स्वतः काही महिने स्थानबद्ध होत्या. त्याच वर्षअखेरीस कलकत्त्याला त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात सेठीजींच्या स्थितीबद्दल ठराव झाला. एका संस्थानी कैद्याच्या देवदर्शनाचा प्रश्न राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर आला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. अखेर तुरुंगात जिनप्रतिमेच्या दर्शनाची व्यवस्था झाली आणि मगच त्यांनी अन्न घेतले.

या उपोषणाकडे केवळ धर्मनिष्ठेचा चमत्कार म्हणून पाहू नये. ज्या शासनाने त्यांच्यावर आरोप ठेवला नाही आणि न्यायही दिला नाही, त्या शासनापुढे एका कैद्याच्या हाती काय उरते? त्याचे शरीर आणि त्याचा नियम. सेठीजींनी ते दोन्ही पणाला लावले. या वेळी दुसऱ्या कोणाच्या प्राणावर काही बेतले नाही. जे सोसायचे ते त्यांनी स्वतः सोसले. निमेज आणि वेल्लोर ही दोन नावे शेजारी ठेवून वाचली म्हणजे अहिंसेचा अर्थ प्रवचनापेक्षा अधिक स्पष्ट होतो.

अजमेरचे राजकारण

पहिले महायुद्ध संपले. डिसेंबर १९१९ मध्ये बादशहाचा जाहीरनामा निघाला आणि राजबंद्यांच्या सुटकेला सुरुवात झाली. त्या सुमारास सेठीजीही सुटले आणि त्यांनी अजमेर हे आपले कार्यक्षेत्र केले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. राजपुताना हा वीसेक संस्थानांचा प्रदेश. त्यात अजमेर-मेरवाडा एवढाच भाग थेट इंग्रजी अंमलाखाली होता. संस्थानांत सभा घेणे, पत्र काढणे दुरापास्त होते. म्हणून संस्थानी प्रजेच्या चळवळींची मंडळी अजमेरात जमत. विजयसिंह पथिकांचे राजस्थान सेवा संघाचे कार्य अजमेरातून चाले. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसची प्रांतवार पुनर्रचना झाली, तेव्हा या प्रांताचेही केंद्र अजमेरच होते.

असहकाराच्या आंदोलनात सेठीजी उतरले आणि १९२१ साली पुन्हा तुरुंगात गेले. या वेळी सागरच्या. गुप्त कटाच्या काळोखातून आलेला हा माणूस आता उघड्या सभेत, हजारोंसमोर बोलत होता. खिलाफतीच्या प्रश्नाने हिंदू-मुसलमान एकत्र आले होते आणि ख्वाजा साहेबांच्या दर्ग्यामुळे अजमेरमध्ये या ऐक्याला वेगळे महत्त्व होते. फारसीचे पंडित असलेले सेठीजी दोन्ही समाजांत सहज वावरत. पुढे ऐक्य ओसरले, ठिकठिकाणी दंगली झाल्या, पुष्कळ पुढारी आपापल्या समाजाकडे परतले. सेठीजी परतले नाहीत.

१९३० च्या सविनय कायदेभंगातही ते आघाडीवर होते. पण त्यांच्या राजकारणाचा उतारही याच काळात सुरू झाला. अजमेर काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. एका बाजूला गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाला वाहिलेले हरिभाऊ उपाध्याय, आणि त्यांच्या पाठीशी वर्ध्याचे जमनालालजी बजाज. दुसऱ्या बाजूला सेठीजी आणि त्यांचे जहाल अनुयायी. सभासद-नोंदणी, निवडणुका, तक्रारी यांत हा वाद वर्षानुवर्षे चालला. त्यात सर्व दोष एकाच पक्षाचा होता असे म्हणता येणार नाही. सेठीजींचा स्वभाव तापट होता, तडजोड त्यांना मानवत नसे, आणि कटाच्या काळात आवश्यक असलेली कठोर निष्ठा उघड्या लोकशाही संघटनेत आडमुठेपणा ठरते. तुरुंगात जो आग्रह तेज म्हणून शोभला, तोच समितीच्या बैठकीत अडचण झाला.

जुलै १९३४ मध्ये हरिजन दौऱ्याच्या निमित्ताने गांधीजी अजमेरला आले, तेव्हा ते सेठीजींच्या घरी जाऊन त्यांना भेटले. मतभेद असूनही या माणसाच्या त्यागाचे मोल गांधीजी जाणून होते, असाच याचा अर्थ. परंतु तट बुजले नाहीत. त्यानंतर सेठीजी सक्रिय राजकारणातून हळूहळू बाजूला झाले.

अखेरची वर्षे

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे, कारण तिच्यात घटना कमी आणि दारिद्र्य जास्त आहे. ज्याने दरबारची नोकरी नाकारली होती, त्याला उतारवयात उदरनिर्वाहासाठी मुलांना शिकवावे लागले. ही मुले अजमेरच्या मुसलमान वस्तीतील होती. त्यांना ते फारसी-अरबी शिकवीत. आयुष्याची सुरुवात शिक्षक म्हणून झाली होती, शेवटही शिक्षक म्हणूनच झाला. जयपूरच्या पहिल्या पाठशाळेत धर्मबांधवांची मुले होती, अजमेरच्या या शेवटच्या पाठशाळेत परधर्मीयांची.

डिसेंबर १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात जवळ असलेल्या लोकांनी त्यांच्या देहाचे दफन केले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ज्याने जिनदर्शनावाचून अन्न घेतले नाही, त्याच्या अंत्यविधीला जैन समाजातील कोणी नव्हते. अयोध्याप्रसाद गोयलीय यांनी स्वातंत्र्यानंतर जैन जागरणाच्या अग्रदूतांवर पुस्तक लिहिले, त्यात सेठीजींना आदराचे स्थान दिले. तोवर समाजाला त्यांची आठवण फारशी उरली नव्हती.

या अंतावरून निरनिराळे अर्थ काढले जातात. कोणी म्हणतात, त्यांनी धर्म सोडला. कोणी म्हणतात, समाजाने त्यांना सोडले. पहिल्या विधानाला त्यांच्या आयुष्यातील कोणतीही कृती दुजोरा देत नाही. ज्या वस्तीने म्हाताऱ्या पंडिताला आपली मुले विश्वासाने सोपविली, तिनेच आपल्या रीतीने त्याला निरोप दिला. तिच्यापाशी दुसरी रीत नव्हती. दुसऱ्या विधानाचे उत्तर मात्र आपल्याकडे मागितले जाते.

दोन शिष्य

सोलापूरकडील त्या तरुणांपैकी देवचंद शहा यांचे पुढे काय झाले, हे या सभागृहातील ज्येष्ठांना वेगळे सांगायला नको. त्यांनी १९१८ साली कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे आश्रम सुरू झाला. १९५२ साली मुनिदीक्षा घेतल्यानंतर तेच प. पू. समंतभद्र महाराज म्हणून पूज्य झाले आणि १९८८ साली त्यांनी देह ठेवला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील किती तरी गुरुकुले त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली, त्यांत शिकलेले विद्यार्थी आज घरोघरी आहेत.

म्हणजे एकाच पाठशाळेतून, एकाच गुरूच्या सहवासातून, एकाच प्रदेशातील दोन मित्र निघाले. एक फासावर गेला. दुसऱ्याने मित्राच्या मरणानंतर मुलांना घडविण्याचेच काम आयुष्यभर केले, आणि ते शस्त्रावाचून केले. त्या दोघांना जोडणारा माणूस अजमेरात विस्मृतीत गेला. आपण गुरुकुलाचे ऋण मानतो. त्या ऋणाचा एक उगम वर्धमान विद्यालयात आहे, हेही मानले पाहिजे.

बंधु-भगिनींनो, अनेकान्ताची शिकवण आपण व्याख्यानांत नेहमी सांगतो. हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत मुलांना पाठ असतो. त्या शिकवणीची खरी कसोटी अशा चरित्रापाशी लागते. सेठीजी त्यागी होते, त्यांच्या शाळेच्या छायेत एक घोर कृत्य शिजले, त्यांनी धर्माचा नियम प्राणापलीकडे जपला, ते पक्षातील सहकाऱ्यांशी जुळवून घेऊ शकले नाहीत, आणि दंगलींच्या काळातही त्यांनी दुसऱ्या धर्माच्या माणसांचा हात सोडला नाही. यातील एकच बाजू धरली तर एक तर निर्दोष पुतळा तयार होतो, नाही तर टाकून द्यावा असा कलंक. माणूस हाती लागत नाही.

आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांपुढे पुढील पन्नास वर्षांत अनेक थोरांची चरित्रे ठेवली जातील. त्यांत अर्जुनलाल सेठींचेही असावे, आणि ते निमेजसह असावे. ज्या वयात मोतीचंद जयपूरला गेला, त्या वयाची मुले आज आपल्या वसतिगृहात आहेत. त्यांच्या मनातही अन्यायाची चीड आहे, झटपट उपायांचे आकर्षण आहे, आणि त्यांच्याशी बोलायला येणारे विष्णुदत्तही आजच्या काळात कमी नाहीत. त्या मुलांना महंताच्या सेवकाविषयीही सांगितले पाहिजे, ज्याचे नाव कोणत्याही स्मारकावर नाही. वेल्लोरच्या त्या उपवासाविषयीही सांगितले पाहिजे. दोन्ही ऐकल्यावर ती मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे आपल्या शिक्षकांना द्यावी लागतील. ती द्यायला जी पाठशाळा कचरणार नाही, तिच्यात सेठीजींचे स्मारक वेगळे उभारावे लागणार नाही.

जय जिनेंद्र.